धुराविना सोळा तास

सव्वीस जानेवारीला कोळवणच्या शाळेपुढं लढाईवर गेलेल्यांसाठी खुर्च्या मांडायच्या, हा दरसालचा रिवाज. यादी करायची पेन्शनर सुभेदार भिवाजींनी, आणि त्यांच्यापुढं कोण बोलणार? त्या यादीत कुशाबाचं नाव कधी आलं नाही.

कुशाबा इंग्रजांच्या ‘अडेला’ बोटीवर बावीस वर्षं आगवाला होता. तळाशी भट्टीत कोळसा मारायचा. एरवी तीच बोट साहेब-मडमांना बँड वाजवत विलायतेला न्यायची, लढाईत तिनं पलटणी बसऱ्याला पोचवल्या. ती मोडीत निघाली त्याला चार वर्षं झाली, पण नाव काढलं की कुशाबाची छाती अजून फुगायची. तिच्या नावानं एकदा त्या खुर्चीत बसायचं, एवढ्यासाठी त्याचा जीव तुटत होता.

यंदा तो स्वतःच सुभेदारांच्या ओट्यावर गेला.

“सुभेदार, अवंदा माजं नाव घाला.”

“तू कोळसा वढला, कुशाबा. बंदूक कुटं धरलीस?” भिवाजी म्हणाले. “मी सोता अडेलावर हुतो. पानबुडी मागं लागली, आमी वर तरंगायचे पट्टे बांधून मरनाची वाट बघत हुतो. तवा तू कुटं हुतास?”

“खाली. धोक्याचा भोंगा झाला की समदी वर पळत्यात, आगवाले खाली उतरत्यात.”

“थापा नगं मारू. त्या दिशी धुराड्यातनं धूर न्हवता. भट्ट्या इझल्या हुत्या.”

“मग बोट काय वल्ह्यानं चालली व्हय?”

कुशाबाला रागही आला, हसूही आलं. अंगणात भात वाळत होतं. त्यातली मूठ घेऊन त्यानं हात फिरवला. दाणे सारवलेल्या भुईवर पातळ, सारखे पडले, रोपांच्या वाफ्यावर बी फेकावं तसे.

“भट्टीत कोळशाचा ढीग पडला की धूर. असा पेरला की धूर न्हाई. धूर दिसता तर पानबुडीनं गाठलंच आसतं. सोळा तास पेरत हुतो, सुभेदार. हात ह्याच गावात शिकला.”

भिवाजींनी वाकून त्या दाण्यांवरनं हात फिरवला. पंधरा वर्षं ते सगळ्यांना सांगत आले होते, देवानं वाचवलं.

सव्वीस जानेवारीला त्यांनी यादी वाचली. पहिलंच नाव, “कुशाबा, आगवाला, बोट अडेला.” खुर्च्यांवरचे शिपाई कुजबुजले.

“गप बसा,” सुभेदार गरजले. “यानं त्या दिशी पेरलं, आन् नऊशे जनं उगवली. त्यातला एक मी हाय.”

कुशाबा खुर्चीत ताठ बसला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही.