कंपासाच्या सांध्यावरची चिंधी

मित्रांनो, फळ्यावर वर्तुळ काढायचा जुना लाकडी कंपास म्हणजे मी. एका पायात खडू, दुसऱ्याला लोखंडी टोक. पाथर्डीकडच्या एका शाळेत दहावीच्या वर्गात कपाटाला टेकून उभा असतो. तुम्ही मला भिता, हे ठाऊक आहे. पण खरं सांगू? मीच तुमच्याहून भित्रा आहे.

सुताराने घडवलं तेव्हा माझी वर्तुळं इतकी गोल येत, की पुनवेचा चंद्र खिडकीशी येऊन आपला काठ ताडून बघे. खोटं वाटलं तर चंद्राला विचारा. पुढे भागवत सरांच्या हाती पडलो. त्यांचं गणित पक्कं, पण माझं टोक पोरांवर रोखून "ऊठ, फळ्यापाशी ये" म्हणायची सवय. एकदा त्यांनी मला टेबलावर असं आपटलं, की छपरावरचं कबुतर सतराचा पाढा म्हणत उडालं. पोरांना मात्र येणारे पाढेही आठवेनात. त्या आपटण्याने माझ्या सांध्याचा स्क्रू ढिला झाला.

वर्गातली आरती सगळ्यांत घाबरट. वहीत गणित बरोबर. फळ्यापाशी आली की डोळे भरायचे. तिचे आईबाप, केशरबाई आणि भिमाजी, दिवाळीनंतर श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जात. यंदा भिमाजी म्हणाला होता, "गनित जमत आसंल तर आजीपाशी ऱ्हा. न्हाईतर चल फडात. वर्गात बसून नुसतं रडायचं, त्येचा काय उपेग?"

सर निवृत्त झाले आणि मोनिका मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी माझा पाय घसरून फळ्यावर वर्तुळाऐवजी वांगं उमटलं. संपलं, आता खिचडीच्या चुलीत जाणार, म्हणून मी गारठलो. मॅडम हसल्या. "भाजायचं की भरायचं ते मागाहून बघू. आधी कुठं बिघडलं ते शोधा." तेव्हापासून रिवाजच पडला. रोज कुणीतरी फळ्यावर चुकायचं, बाकीच्यांनी चूक पकडायची. आरतीही येऊ लागली. भीती गेली नव्हती. तिच्या तळव्यांचा घाम माझ्या लाकडात मुरे.

दिवाळी सरली. सामानाने भरलेला टेम्पो शाळेपुढे थांबला आणि भिमाजी वर्गाच्या दारात आला. "मॅडम, माझ्यादेखत फळ्यावर गनित करू द्या तिला. मग ठरवतो."

आरतीने मला उचललं. ती कापत होती, मी तिच्याहून जास्त. वर्तुळ निम्म्यावर आलं आणि माझा पाय सरकला. रेघेची टोकं जुळली नाहीत. बाहेर टेम्पोने हॉर्न दिला.

"चुकलं न्हवं?" भिमाजी म्हणाला.

"व्हय आबा." ती रडली नाही. "त्रिज्या कमी झाली. कुठनं झाली ते दावते." तिने केंद्रापासून पट्टी फिरवली आणि नेमक्या जागी बोट ठेवलं. "हितं पाय आत आला."

भिमाजी तरातरा पुढे आला. आता मोडतो, म्हणून मी डोळे मिटले. त्याने रुमालाची किनार फाडली आणि माझ्या सांध्याला करकचून बांधली. "कोयत्याची मूठ हालली की आमी आसंच करतो. काढ आता."

वर्तुळ जुळलं. भरदुपारी चंद्र डोकावून गेला म्हणतात, म्हणणारा मीच.

भिमाजीने खिडकीतून टेम्पोकडे हाक दिली, "केशर, पोरीची पिशवी खाली घे."

मित्रांनो, ती चिंधी अजून माझ्या सांध्यावर आहे. उद्या कुणाच्या हाती पडेन, ही धास्तीही आहेच. तुमच्या हाती पडलो आणि घसरलो, तर गाठ आवळा. आणि माझं टोक फळ्यावर टेकवा, पोरांवर रोखू नका.