दारावर दुसरा दिवा आला

मित्रांनो, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, एका बोळातल्या घराच्या दारावर मी कितीतरी वर्षं होतो. पत्र्याची टोपी घातलेला, पिवळ्या उजेडाचा जुना दिवा मी. एका छोट्या कारखान्यात माझी टोपी ठोकून गोल केली, तिला हिरवा रंग दिला. पुढे बाबासोंनी घर बांधलं आणि स्वतःच्या हातानं मला दारावर बसवलं.

ते दिवस मानाचे होते. बोळातली मुलं माझ्याखाली कॅरम मांडत. बुद्धपौर्णिमेला माझ्याशेजारी फुलांची माळ लागे. "बाबासोच्या दारात उजेड बघा की केवढा हाय!" असं कुणी म्हटलं की मी टोपीतल्या टोपीत फुगत असे.

माझं बटण मात्र घरात होतं. बाबासोंच्या पत्नी शालनताई दवाखान्यात कामाला जात. एका संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा घराला कुलूप होतं. अंधारात पायरी चुकली आणि त्या कोसळल्या. हात मोडला. पुढे प्लास्टर निघालं, पण भीती निघाली नाही. दिवस मावळला की त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. विहारातली संध्याकाळची वंदनाही सुटली.

मग त्यांची मुलगी संघप्रिया एक खोकं घेऊन आली. त्यात तो होता. पांढरा, चपटा, खाली एकच गोल डोळा.

"पप्पा, माणूस जवळ आलं की हा आपोआप लागतोय. बटण दाबायला नको."

तिनं मेन स्विच बंद केला. बाबासोंनी शिडी धरली. तिनं माझ्या वरच भिंतीला भोकं पाडली, त्यांची सगळी माती माझ्या टोपीवर पडली. शेवटी माझी वायर सोडवून त्याला जोडली. मी नुसताच लटकत राहिलो. माझी वायर, माझी भिंत, माझं दार! मला त्याच्याकडे बघवेना.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं गोंधळ घातला. मांजर गेलं, लागला. मोटारसायकल गेली, लागला. समोरच्या बाळाबाई खिडकीतून ओरडल्या, "अगं संघप्रिये, डोळं फुटायची वेळ आली की आमची!"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्यातच बाबासो म्हणाले, "काढ ते. आपला जुनाच बरा हाय."

मी वाट बघत राहिलो. पण संघप्रिया पुन्हा शिडीवर चढली. "त्याचा डोळा रस्त्याकडं झालाय, पप्पा," म्हणत तिनं तो खाली, पायऱ्यांकडे वळवला. मांजर गेलं. तो गप्प राहिला. माझी आशा संपली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, चल विहारात."

"नको गं. येताना अंधार असतोय."

"मी हाय की बरोबर."

त्या गेल्या. परत आल्या तेव्हा बोळात काळोख होता. पायऱ्यांपाशी शालनताई थबकल्या, लेकीचा हात घट्ट धरून. तिनं हळूच त्यांना एक पाऊल पुढं नेलं, आणि त्याचा पांढराशुभ्र उजेड पायऱ्यांवर पडला. एकेक कड स्पष्ट दिसली.

"लागला की गं!" शालनताई लहान मुलीसारख्या हसल्या. लेकीचा हात सोडला आणि एकट्या वर चढून आल्या. दारात उभ्या बाबासोंनी डोळे पुसले.

मित्रांनो, विजेशिवाय मी त्या दिवशी जळलो. ते हसू मला हवं होतं.

आता मी परसात, धुण्याच्या दगडाच्या वर, भिंतीवर असतो. संघप्रियानंच मला तिथं नवी वायर जोडून दिली. पावणे येतात, "भारी हाय की दिवा!" म्हणतात. ते त्याच्याबद्दल, हे मला परसातूनही ऐकू येतं. माझा मत्सर अजून गेलेला नाही. तरी एवढं सांगतो. तुमच्या घरात कुणी अंधारात पायरी चाचपत असेल, तर ते माणूस पडेपर्यंत थांबू नका. नवा दिवा खुशाल आणा. फक्त त्याची काच पुसायला फडकं ओलं कराल, तेव्हा ते लगेच पिळून वाळत टाकू नका. आधी परसात एक फेरी मारा. तिथल्या जुन्या दिव्याच्या टोपीवरही धूळ असते.