दात नसलेल्या माणसाची गोळी

पापांना त्या गोळ्या मी माझ्या हातांनी कुटून घातल्या, हे आधीच सांगून टाकते. गावात दुसरंच काहीतरी पसरलंय.

पापा, ज्यांना गाव मानानं 'डॉन एलिहियो' म्हणायचं, जन्मभर होड्या बांधत आले. सत्तरी ओलांडल्यावर पाय सुजायला लागले, तेव्हा डॉक्टरनं जास्त लघवी व्हायची गोळी दिली आणि तिच्यामुळे अंगातलं पोटॅशियम वाहून जातं म्हणून जोडीला पोटॅशियमची गोळी. ही दुसरी म्हणजे पांढरा ठोकळाच होता.

आमच्याकडे औषधाचा अख्खा डबा कोण घेतो? कोपऱ्यावरच्या विल्फ्रिदोच्या दुकानात तांदूळ-तेलाबरोबर गोळ्याही सुट्या मिळतात. तो कात्रीनं पट्टी कापतो आणि पुडीत बांधून देतो. डब्यातला माहितीचा कागद दुकानातच राहतो.

"ही घोड्याची गोळी आहे, नेरेइदा," पापा म्हणाले. "मी काय खिंकाळतो का?"

"खिंकाळू नका, गिळा."

गोळी घशात अडकली. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी आईचा महोगनीचा खल काढला. त्यात आम्ही लसूण कुटतो, तळलेली केळी कुटतो, खोकल्याचा पाला कुटतो; गोळीनंच काय घोडं मारलं होतं? पूड केली आणि सकाळच्या उकडलेल्या कच्च्या केळ्यांच्या लगद्यात कालवली. वर कांदा घातला, म्हणजे चव कळू नये.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. पापा पुन्हा आपल्या पायांनी किनाऱ्यापर्यंत जावेत, एवढंच मला हवं होतं.

"पोटात आग पडते गं," चौथ्या दिवशी ते म्हणाले.

"रोज नवीन रडगाणं! आईनं केलं असतं तर मुकाट्यानं खाल्लं असतंत."

हे मी बोलले. त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. ताट चाटूनपुसून परत द्यायचे. सूज उतरत होती आणि मी शेजारणींपुढे मिरवत होते.

तिसऱ्या आठवड्यात ते खालच्या आवाजात म्हणाले, "शौचाला काळं होतंय, डांबरासारखं."

"शनिवारी मोर्सिया कुणी हादडली?" मोर्सिया म्हणजे डुकराच्या रक्तानं भरलेली आतडी. ती खाल्ली की काळं होणारच, असं मी ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी नेहमीसारखी कुटली.

त्या दिवशी दुपारी त्यांना उलटी झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी. मागोमाग लाल रक्त आलं.

इस्पितळातली डॉक्टरीण, मला मुलगी असती तर तिच्या वयाची असेल. म्हणाली, "ही गोळी पोटात सावकाश विरघळायची असते. कुटली की सगळा क्षार एकदम एका जागी पडतो आणि आतून भाजतं. कुणी कुटली?"

मी पापांच्या पायांवरची चादर सारखी करायला लागले.

"कुटली कुणी?" खाटेवरून पापा म्हणाले. "मीच चावून खायचो. ही बिचारी हजारदा ओरडली, अख्खी गिळा म्हणून. मी ऐकतोय कुणाचं?"

डॉक्टरणीनं वाकून त्यांच्या तोंडात बॅटरी मारली. आत नुसत्या गुलाबी हिरड्या. एकसुद्धा दात नाही. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग हातातल्या कागदावर लिहिलं, तेही मोठ्यानं उच्चारत, 'रुग्ण गोळ्या चावून खात असे,' आणि पुढच्या खाटेकडे गेली.

पापांनी माझा हात धरून ठेवला होता. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मंगळवारी सकाळी ते गेले.

नऊ दिवस घरी प्रार्थना झाल्या. अंगणात बायका पंखे हलवत म्हणायच्या, "डॉन एलिहियो फार हट्टी. चावून चावून जीव घालवला. नेरेइदानं मात्र लेकीचं कर्तव्य केलं हो!"

मी सगळ्यांना कॉफी देत मान डोलवत होते. पापांच्या तोंडात दात नव्हते हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. एकानंही मला विचारलं नाही.