डाव्या चाकाची तक्रार

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले वजनकाटे तपासले, खोटे निघाले ते जप्त केले, आणि नोकरी संपली तरी नाव अंगाला चिकटून राहिलं. नावाबरोबर संशयही राहिला. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे, आणि हसला नाही तर नक्कीच आहे, अशी त्यांची समज. बायको म्हणायची, "अहो, एकदा मलाही तपासून शिक्का मारून टाका. खरी की खोटी ते तरी कळेल." साहेब हसायचे नाहीत. शिक्क्याची चेष्टा त्यांना खपत नसे.

तर अशा माणसाची गाडी आदळायला लागली. घरापासून मेहुणीच्या घरापर्यंत बावीस किलोमीटरचा रस्ता, खाणीच्या ट्रकांनी पार नांगरून ठेवलेला. बायकोची ही थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली होती. दर गुरुवारी बायको जायची, ताईचे केस धुवायची, नखं कापायची, दोघी मिळून लहानपणीची भांडणं पुन्हा पहिल्यापासून भांडायच्या. साहेब ओसरीवर पेपर वाचत बसायचे. पण मागच्या वर्षी बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून एकेक खड्डा तिच्या पाठीत जाऊन बसायला लागला. गेल्या गुरुवारी परत आल्यावर ती घरात न जाता पायरीवरच टेकली. दोन्ही हात कमरेवर दाबून धरले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "यापुढे मी तुमच्या गाडीतून यायची नाही."

"मग ताई?"

"बघते काहीतरी. बस आहे ना."

बस म्हणजे त्याच रस्त्यावरून, तेही मागच्या बाकावर. ती दोन खेपांत आडवी झाली असती, आणि मग ना ताई, ना गुरुवार. साहेबांना हे कळत होतं. पण त्याहून जास्त लागला तो 'तुमच्या' हा शब्द. चौदा वर्षं ती 'आपली गाडी' होती. ती त्यांची एकट्याची कधीपासून झाली?

"गाडी पानाबाईंना दाखवा," बायको म्हणाली. "त्या चांगलं बघतात म्हणे."

म्हणे! कोण म्हणे? साहेबांचे कान टवकारले. पानाबाई म्हणजे नाक्यावरचं गॅरेज चालवणारी बाई. सासरे गेल्यावर तिनंच ते हातात घेतलं होतं, आणि तिच्या खिशात कायम एक पाना असायचा म्हणून हे नाव. बायकोचा आणि गॅरेजचा संबंध काय? दुपारी ती डोळा लागून पडली असताना साहेबांनी तिचा फोन चाळला. असं करू नये हे त्यांना माहीत होतं, पण काटा तपासायचा तर दुकानदाराला विचारून कोण तपासतं? पानाबाईंचा नंबर तीन वेळा. एकदा तर अकरा मिनिटं.

अकरा मिनिटं! गाडीबद्दल अकरा मिनिटं बोलण्यासारखं बायकोला काय माहीत होतं? तिला बॉनेट कुठून उघडतं ते ठाऊक नव्हतं.

साहेब दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले ते कंबर कसूनच. निघण्याआधी नेहमीप्रमाणे समोरची काच ओल्या कागदानं पुसली. तिची डावी बाजू हल्ली कितीही पुसली तरी धूसरच राहायची. सात-आठ महिन्यांपूर्वी काच बदलली होती, आणि काचवाल्यानं जुनी काच नवी म्हणून गळ्यात मारली याबद्दल साहेबांच्या मनात शंका उरली नव्हती.

पानाबाईंनी गाडी उचलायच्या आधी प्रश्नच विचारले. गाडीत कोण कोण बसतं? कुठं बसतं? काकूंचं वजन किती? खड्डा आला की ब्रेक आधी मारता की खड्ड्यात गेल्यावर?

"तुम्हाला गाडी दुरुस्त करायची आहे की शिरगणती?" साहेब म्हणाले.

"चला, एक चक्कर मारू. तुम्ही चालवा."

पानाबाई डावीकडे बसल्या. खाणीच्या रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन परत. तेवढ्यात गाडी चार वेळा धाडकन आदळली. बाईंनी दारावरचं हँडल धरलं होतं, आणि त्या रस्त्याकडे न बघता सारख्या साहेबांच्या तोंडाकडे बघत होत्या. साहेबांना ते अजिबात आवडलं नाही. गिऱ्हाईक किती भोळं आहे याचा अंदाज घेणारे असेच बघतात.

"रस्ताच तसला आहे," ते म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. एवढंच.

गॅरेजमध्ये गाडी वर चढवून त्यांनी चाकं काढली आणि साहेबांना खाली बोलावलं. प्रत्येक चाकामागे स्प्रिंग, आणि स्प्रिंगजवळ तेल भरलेला दांडा, शॉकअप. धक्का झेलते स्प्रिंग, पण तो जिरवतो शॉकअप. "हा उजवा बघा, अजून जीव आहे. आणि हा डावा." डाव्या बाजूच्या दोन्ही दांड्यांवरून तेल ओघळून वाळलं होतं. पुढच्या डाव्या चाकाची तर कडाच वाकली होती. "रस्ता दोघांना एकच, साहेब. मग एकट्या डावीनंच मार का खाल्ला?"

"खड्डे डावीकडे असतात."

"उजवीकडेही असतात. ते तुम्ही चुकवता."

"म्हणजे?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि फडक्यानं हात पुसले. साहेबांनी मनात नोंद केली: बाई काहीतरी लपवते आहे.

मग आला निवडीचा प्रश्न. साहेबांनी चार ठिकाणी चौकशी केलीच होती, आणि त्यांच्या मनात कडक स्प्रिंग भरली होती. गाडी उंच होते, वळणावर चिकटून चालते, सगळ्यात भारी काम. पानाबाईंनी मान हलवली. "कडक घातली तर गाडी खूश, काकूंची पाठ मोडेल. नुसती मऊ घातली तर गाडीचा झोपाळा होईल, वळणावर लोळेल, काकूंना मळमळेल. तुमची मूळ स्प्रिंग चांगली आहे, तिला हात लावायचा नाही. चारही शॉकअप नवे, सांध्यांतली रबरं नवी, आणि टायर जरा जाड भिंतीचे. धक्का आधी टायर खाईल, मग रबर, मग शॉकअप. उरलासुरला पाठीला."

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच साहेबांना पटलं नाही. भारी माल मागणाऱ्याला हलका माल सुचवणारा दुकानदार त्यांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. नवे शॉकअप म्हणून जुनेच पुसून बसवायचे, असा डाव असणार. उघड होतं.

ते 'बरं' म्हणाले आणि गाडी उद्या सोडतो असं सांगून घरी आले. संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात असताना त्यांनी तिची नेलपॉलिशची बाटली उचलली. मरून रंगाची, ताईनं दिलेली. चाकांमागे हात घालून चारही जुन्या शॉकअपवर, खालच्या नटाच्या बाजूला, एकेक ठिपका दिला. खात्यात असताना अशा खुणांनी त्यांनी भलेभले पकडले होते. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

बुधवारी दुपारी गाडी तयार झाल्याचा निरोप आला. पानाबाई आत दुसऱ्या गाडीखाली होत्या. साहेब चावी न घेताच गाडीजवळ गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढच्या चाकापाशी गुडघे टेकले. उजवा गाल टायरला लावला आणि डावा डोळा फटीला. आत अंधार होता. पण नटाच्या बाजूला ठिपका दिसला. गडद, वाटोळा, जिथे दिला होता तिथेच. मागच्या चाकापाशी गेले. तिथेही ठिपका. चारही ठिकाणी ठिपके.

साहेबांच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचा, नोकरीतला माणूस संचारला. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागात थोडा आनंदही होता. ते तसेच धुळीच्या गुडघ्यांनी आत गेले.

"बाहेर या! नवे शॉकअप म्हणे! माझी खूण आहे त्याच्यावर. नेलपॉलिशची! चारही जुने आहेत. आणि माझ्या बायकोला फोन करकरून यात ओढलंत?"

पानाबाई गाडीखालून सरकत बाहेर आल्या. भांडल्या नाहीत. कोपऱ्यातल्या बाकावरचं पोतं त्यांनी उचललं. खाली चार जुने, तेलकट शॉकअप ओळीनं ठेवले होते.

"जुना माल मी गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय टाकत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा ठिपका मला कालच दिसला. हा बघा. मरून. आणि गाडीवर आहे तो माझा. नट मापात आवळला की शेजारी मी ठिपका देते. निळा."

"निळा?" साहेब म्हणाले.

बाईंनी रंगाची छोटी डबी आणली आणि जुन्या शॉकअपवरच्या मरून ठिपक्याशेजारी आपला ठिपका दिला. शॉकअप उचलून उजेडात, साहेबांच्या तोंडासमोर धरला. "आता उजवा डोळा झाका."

साहेबांनी झाकला. दोन ठिपके होते. दोन्ही काळपट, कडा पुसलेले, जुळ्या भावांसारखे एकसारखे. त्यांच्याभोवती तोच धूसरपणा होता, जो ते रोज सकाळी काचेवरून पुसत होते.

"आता डावा झाका."

एक मरून होता. एक निळा, चांगला ठसठशीत निळा.

साहेबांनी हे पुन्हा करून पाहिलं. मग आणखी एकदा. एक माप तीनदा घ्यायचं आणि मगच काटा खोटा ठरवायचा, हा त्यांचाच नियम होता. तिसऱ्या वेळी ते बाकाच्या कडेवर बसले. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

"मोतीबिंदू असेल. माझ्या सासऱ्यांना होता," पानाबाई म्हणाल्या. "निघतो तो. पण सांगायचं कोणी तुम्हाला? काकूंनी पहिल्या फोनला सांगितलं की साहेबांना डावीकडचं दिसत नाही. मला म्हणाल्या, सगळ्यात मऊ काय असेल ते घाला, पण त्यांना काही बोलू नका, त्यांचा डोळा हेच त्यांचं सगळं आहे. मी म्हटलं, काकू, स्प्रिंग मी देते, डोळा नाही देऊ शकत. यावर आम्ही अकरा मिनिटं भांडलो."

साहेबांनी चावी घेतली. गाडीपर्यंत गेले, उजवं दार उघडलं आणि उभेच राहिले. खोटा ठरलेला काटा पुन्हा एकदा, शेवटचं एकदा वापरू द्या म्हणून दुकानदार हातापाया पडायचे. त्यांनी कधी कुणाला वापरू दिला नव्हता. त्यांनी दार लावलं आणि चावी पानाबाईंच्या पुढे धरली.

"तुम्ही सोडा मला घरी."

चौदा वर्षांत ते पहिल्यांदा डावीकडे बसले. बाईंनी मुद्दाम खाणीच्या रस्त्यावरून वळसा घेतला. गाडी खड्ड्यांवरून सावरत, दबत गेली आणि वळणावर झुकली नाही. काम चोख झालं होतं, याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. पण साहेबांचं लक्ष गाडीकडे नव्हतं. दारावरच्या हँडलचा काळा रंग चार बोटांच्या जागी उडून खालचं पांढरं प्लास्टिक दिसत होतं. पायांखाली रबरी चटई होती, आणि उजव्या पायाच्या जागी ती झिजून झिजून आरपार भोक पडलं होतं. चालवणाऱ्याच्या बाजूला बरोबर तिथे ब्रेक होता. या बाजूला तिथे काहीच नव्हतं.

"ही चटई कशानं झिजली?" त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी विचारलं.

"काकू ब्रेक मारत होत्या, साहेब."

उद्या हिला ताईकडे न्याल का, एवढंच साहेबांनी पुढे विचारलं, आणि बाईंनी हो म्हटलं. सात-आठ महिने, दर गुरुवारी, चव्वेचाळीस किलोमीटर. ऑपरेशन झालेल्या पाठीनं ती त्यांच्या वाटचे खड्डे बघत होती आणि नसलेला ब्रेक दाबत होती. आणि ते संशय घेत होते काचवाल्याचा, पानाबाईंचा, तिचा. जगात एकच काटा त्यांनी तपासला नव्हता.

बायको पायरीवर उभी होती. गाडी थांबली, डावं दार उघडलं आणि त्यातून नवरा उतरला, हे बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"शॉकअप नवे आहेत," साहेब म्हणाले. "चारही. मी तपासले." त्यांनी डावं दार लावलं. "उद्या पानाबाई नेतील तुला ताईकडे. तू पुढे बसू नकोस. पुढे मी बसतो."

"आणि डोळा?" ती हळूच म्हणाली.

"दाखवायला हवा. वेळ घ्यावी लागेल डॉक्टरांची."

"घेतलेली आहे. शुक्रवारी दहाची."

"कधी घेतलीस?"

"दर आठवड्याला घेते," ती म्हणाली, "आणि तुम्हाला सांगायचा धीर होत नाही म्हणून गुरुवारी ताईकडून आल्यावर रद्द करते."

साहेब तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिच्या उजव्या पायाच्या टाचेला जाड घट्टा पडला होता. तो त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"उद्या करू नकोस," ते म्हणाले.