खोली मोजली, उंची राहिली

मी बोलतोय तो बिबवेवाडीतल्या एका कपाटाच्या खणातून. दिसायला मी जाड घड्याळ, पण वेळ सांगणं हे माझं दुय्यम काम. समुद्रात बुडी मारणाऱ्याच्या मनगटावर बसायचं, तो किती खोल गेला, किती वेळ राहिला, किती वेगाने वर आला हे टिपायचं आणि त्याच्या अंगात किती वायू मुरला असेल याचा अंदाज बांधायचा, यासाठी मला घडवलं. लोक मला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. अंदाज हा शब्द मी जपून वापरतोय. शरीराच्या आतलं मला दिसत नाही.

दशरथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या मुलीने, आम्रपालीने, मला भेट दिलं. "बाबा, जन्मभर धरणाच्या काठावर उभे राहिलात. आता जरा आत उतरा." ते आणि त्यांच्या पत्नी प्रेमलाताई, दोघंही पोहण्याच्या तलावावर बुडी मारायला शिकले. शेजारच्या आप्पासाहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, "पुण्यात समुद्र आणलात म्हणे? आमच्या नळाला तेवढं पाणी सोडा."

शिकवणाऱ्यांनी एक शिस्त लावली होती. प्रत्येक बुडीनंतर वहीत नोंद करायची आणि पाण्यात सोबत असलेल्या जोडीदाराची सही घ्यायची. माणसं ही शिस्त कशी पाळतात ते मी पुष्कळ पाहिलं. सुरुवातीला माशांची चित्रंसुद्धा काढतात. पुढे परतीच्या बसमध्ये सगळ्या सहलीची नोंद एका दमात उरकतात. मग वही घरी राहते आणि "घड्याळात आहे की सगळं" असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवतात. कुणी विचारलंच, शेवटची बुडी कधी मारलीत, तर आकाशाकडे बघून उत्तर देतात.

दशरथराव मात्र त्याच संध्याकाळी लिहायला बसत. माझ्यावरून आकडे उतरवून घेत आणि खाली दोन ओळी स्वतःच्या घालत. प्रेमलाताई वाचल्याशिवाय सही करत नसत.

"कासव तुम्ही पाहिलंत? मी हात धरून दाखवलं तुम्हाला."

"बरं, 'दोघांनी पाहिलं' असं लिहितो."

"'हिने दाखवलं' असं लिहा."

गेल्या हिवाळ्यात आम्ही मालवणला होतो. शेवटच्या दिवशी बुडी मारायचं ठरलं नव्हतं, पण पाणी असं काही निवळलं की दोघांनाही मोह आवरला नाही. दुपारी वर आल्यावर माझ्या पडद्यावर नेहमीसारखं विमानाचं चित्र उमटलं, त्यावर काट मारलेली.

"हे काय म्हणतंय?" प्रेमलाताईंनी विचारलं.

"इतक्यात विमानात बसू नका म्हणतंय. वर हवा विरळ असते, अंगातल्या वायूचे बुडबुडे होतात."

"आणि आपण घाट चढणार आहोत, त्याचं काय?"

"आपल्या गाडीला पंख फुटले का?"

राज्यातल्या निम्म्या धरणांची समुद्रसपाटीपासूनची उंची या माणसाला तोंडपाठ होती. तरी सामान भरलं, गाडी निघाली आणि फोंडा घाट चढू लागली. मला विमान दाखवता येतं. घाट दाखवण्याची सोय माझ्यात नाही.

घाटात ते उजवा खांदा चोळू लागले. "हवेचा सिलिंडर उचलला ना, त्याने असेल," म्हणाले. साताऱ्यात चहाला थांबलो, तेव्हा कप बोटांतून निसटला. त्यांनी तो पुन्हा धरून पाहिला. बोटं वळेनात.

पुण्यात इस्पितळात डॉक्टरबाईंनी आधी मला हातात घेतलं. खोली, वेळ, वर येण्याचा वेग, सगळं मी दाखवलं. मग त्यांनी विचारलं, "त्रास सुरू कधी झाला?"

"साताऱ्यात," दशरथराव म्हणाले.

"अहो, फोंड्यापासून खांदा चोळताय," प्रेमलाताई म्हणाल्या. "त्यांना खरं सांगा. इथे अब्रूचा प्रश्न नाही, हाताचा आहे."

त्यांनी मान खाली घालून खरी वेळ सांगितली. मग त्यांना एका बंद कोठीत झोपवलं. तिथे दाब वाढवून ते बुडबुडे विरघळवतात म्हणे. हात बराचसा परत आला. दोन बोटं बधिरच राहिली. समुद्र कायमचा बंद झाला. प्रेमलाताईंना काहीच झालं नाही. तेच पाणी, तेवढाच वेळ. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

त्या बुडीची नोंद मात्र झाली नाही. वही कपाटात गेली, पाठोपाठ मीही.

महिन्याभराने स्वराली भेटायला आली. तलावावर त्यांच्याबरोबर शिकलेली, आयटीत काम करणारी मुलगी. तिला दाखवायला म्हणून प्रेमलाताईंनी मलाही बाहेर काढून ठेवलं होतं.

"काका, एक्झॅक्टली झालं काय?"

"वयाचं दुखणं, दुसरं काय."

"लवकर बरे व्हा हं. आम्ही या वीकेंडला मालवणला चाललोय. संडेला दुपारी लास्ट डाइव्ह, मग डायरेक्ट पुणे. मंडेला ऑफिस आहे ना."

चहा घेऊन आलेल्या प्रेमलाताई तिथेच थांबल्या.

"सांगा तिला."

"काय सांगू? जन्मभर उंच्या मोजणारा माणूस घाट विसरला, हे?"

"हेच."

चहावर साय धरली. मग दशरथरावांनी वही मागवली. माझ्यावरून आकडे उतरवले आणि वेड्यावाकड्या अक्षरांत खाली लिहिलं : 'वर आल्यावर थांबलो नाही, घाट चढलो. हिने विचारलं होतं. घाटातच खांदा दुखू लागला, बोललो नाही.' एकेका शब्दाला पेन बोटांतून सुटत होतं. स्वराली उचलून देत होती. शेवटी तिने त्या पानाचा फोटो काढला आणि तिथेच बसून सगळ्या सोबत्यांना पाठवला.

रविवारी संध्याकाळी फोन आला. "काका, आम्ही मालवणातच आहोत. उद्या संध्याकाळी निघू. मॅनेजर ओरडला."

"ओरडू दे," दशरथराव म्हणाले. फोन ठेवून ते कितीतरी वेळ गॅलरीत उभे होते.

मी पुन्हा खणात आहे. माझा पडदा हळूहळू मालवत चाललाय आणि सेल बदलावा असं कुणाला वाटण्याचं कारण उरलेलं नाही. जाण्याआधी एवढंच सांगतो. तुमच्या मनगटावर माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. खोली तो सांगेल. कुठे दुखलं, ते तुम्ही सांगा. शेजारी बसलेल्या माणसाला सांगा, आणि दुखेल त्याच क्षणी सांगा.