गोल फिरणारं जहाज

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची लोखंडी कढई. चार माणसांनी हात पसरले तर जेमतेम कवेत येईन एवढी मोठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी स्वतःला जहाज म्हणणार आहे आणि तेव्हा तुम्ही हसू नये.

माझी निम्मी उमर झरीला माणिकरावांच्या गुऱ्हाळावर गेली. माझ्यात रस उकळायचा, गूळ व्हायचा, आणि लेकरं काठाला चिकटलेला गूळ बोटानं खरवडून खायची. मग माझ्या बुडाला भोक पडलं आणि माणिकरावांनी नवी काहील आणली. तिच्याविषयी मी इथं काही बोलणार नाही. ती ठेंगणी होती.

मला सुग्रीवनं नेलं. त्याच्या वस्तीपुढं तलावाचं पाणी पसरलं होतं आणि शेत, चराईचा माळ, सगळं पलीकडं राहिलं होतं. पाण्यातून अर्धा किलोमीटर, रस्त्यानं चौदा. त्यानं माझ्या भोकावर पत्रा ठोकला, वरून डांबर ओतलं आणि मला पाण्यात ढकललं. मी बुडले नाही. याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटलं. डांबर लागल्यामुळं गुळाचा धंदा मात्र मला कायमचा बंद झाला.

त्या दिवसापासून मी जहाज झाले आणि तलावावरचा सगळा माल माझ्यातून गेला. खताची पोती, कापूस, सोयाबीन, एकदा तर अख्खी पिठाची गिरणी. एकच अडचण होती. वल्हं मारलं की मी पुढं जायच्या आधी फिरायची. गोल वस्तूला पुढची बाजू नसते, त्याला कोण काय करणार? सुग्रीवची भावजय वच्छलाबाई रोज नऊ शेळ्या घेऊन माझ्यात बसायची. पलीकडं पोचेपर्यंत तिला चारी दिशा सात-आठ वेळा दिसून जायच्या. शेळ्या उतरल्या की माळावर आधी दोन गोल चकरा मारायच्या, मगच चरायला लागायच्या. मुंग्याही यायच्या. वीस वर्षं झाली, त्यांना अजून वाटतं गूळ आहे.

पुढं गावात फ्रीज यायला लागले आणि फ्रीजबरोबर थर्माकोल आला. सुग्रीवच्या लेकानं, शिवशंकरनं, तो खाटेखाली बांधून तराफा केला. पांढरा शुभ्र, एका हातानं उचलला जाणारा. मला उचलायला सहा माणसं लागतात आणि सहाही जण शिव्या देतात. "लय हलकं हाय की," लोक त्याला म्हणाले. माझ्याविषयी असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. गुऱ्हाळानंतर पहिल्यांदाच मी आतून तापले.

आठव्या दिवशी शेळ्यांनी तराफा खाल्ला. मालानं जहाज खाण्याची आमच्या तलावावरची ती पहिलीच वेळ.

यंदा शिवशंकरनं फायबरची बोट आणली. तिला मोटार होती, निळा रंग होता, टोकदार नाक होतं आणि नाकावर नाव होतं, 'राजेश्री'. शिवशंकरच्या बायकोचं. राजेश्री रोज सकाळी येऊन स्वतःच्या नावाला झेंडूचा ताजा हार घालायची. मी वीस वर्षं माल वाहिला, पण मला कुणी नाव दिलं नाही. "ए, ते जरा इकडं ढकल," एवढीच माझी ओळख.

मला काठावर पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी एक कोंबडी काठाखालच्या फटीतून आत येऊन बसली आणि तिनं अंडं घातलं. मी बोटीकडं बघत देवाला मागितलं, तिची मोटार बंद पडू दे. पडली नाही. भोक तरी पडू दे. तेही पडलं नाही. हे मी लपवत नाही, कारण स्वतःची गोष्ट सांगायची तर खरी सांगावी.

चौथ्या दिवशी गंगाखेडचा भंगारवाला गोपाळ टेम्पो घेऊन आला. त्यानं दगडानं मला तीनदा वाजवलं.

"लोखंड इमानदार हाय," तो म्हणाला.

गुळानंतरचं हे माझं पहिलं कौतुक, आणि तेही मला तोडायला आलेल्या माणसानं केलेलं. तेवढ्यात वच्छलाबाई आली आणि माझ्यावर बसली.

"उठा वैनी," सुग्रीव म्हणाला. "ती इकली."

"मंग मला बी घाला टेम्पोत."

"काकू, आता बोट हाय की," शिवशंकर म्हणाला. "पाच मिंटात पलीकडं."

"तुज्या बोटीत माज्या शेळ्या बसंनात. पैल्या दिशी दोघींनी पाण्यात उड्या मारल्या. तवापासनं दारात उपाशी वरडायल्यात."

"पर का?"

"ती सरळ जाती."

वच्छलाबाईनं बोटानं हवेत एक गोल काढला.

"जन्मापासनं गोल फिरत गेल्यात रे त्या. सरळ गेलं की त्यांना भवंड येती."

गोपाळ टेम्पोला टेकून ऐकत होता. "मंग बोट गोल फिरवा की," तो म्हणाला.

"बोट हाय ती. जत्रंतला पाळणा न्हाई," शिवशंकर म्हणाला.

सुग्रीवनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बोटीकडं. मग लेकाला म्हणाला, "कासरा आन."

गोपाळ रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना मला आणखी एकदा वाजवून गेला, ओळख राहावी म्हणून.

आता मला कासऱ्यानं बोटीला बांधतात. बोट सरळ जाते आणि मी नऊ शेळ्या घेऊन तिच्यामागून फिरत जाते. पहिल्याच दिवशी काठाला लागताना बोट थांबली. मी थांबले नाही. फिरत फिरत तिच्या नाकापाशी गेले, तशी काबऱ्या शेळीनं मान लांब केली आणि राजेश्रीचा हार खाऊन टाकला. मी काहीच केलं नाही. मी फक्त फिरले.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काही पडून असेल. त्याला पालथं घालू नका. वर्षातून एकदा थोडं डांबर लावा. आणि नव्याचं कौतुक करायचंच असेल तर जरा बाजूला जाऊन करा, आम्हाला ऐकू येतं.

लोक म्हणतात, काहील आता बोटीच्या मागं असते. म्हणू देत. गोल वस्तूला पुढची बाजू नसते, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. मग मागची तरी कुठून असणार?