अकरावी-बारावी लातूर

गुणवत्ता कधीही दुर्लक्षित राहत नाही, असं विजय गायधनींचं ठाम मत होतं. दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसून त्यांनी ते आजवर अनेकांना ऐकवलं होतं. स्वतःच्या मुलाची गुणवत्ता लक्षात यायला मात्र त्यांना चोवीस वर्षं लागली, आणि तीसुद्धा जियाद नावाच्या एका लेबनीज माणसाने फोन करून सांगितली म्हणून.

मुलाचं नाव कैवल्य. उंची सहा फूट तीन इंच. घरात या उंचीचा संबंध कर्तृत्वाशी नव्हे, तर पडदे काढण्या-लावण्याशी जोडला जाई. तो दोह्यातच जन्मला आणि दहावीपर्यंत इथल्याच भारतीय शाळेत शिकला. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची एक रिंग होती. तिच्याखाली तो शाळा सुटली तरी घुटमळायचा. दहावीत शाळेच्या टीमचा कॅप्टन झाला, तेव्हा गायधनींनी धोका ओळखला.

मूळचे ते नाशिकचे. बायको मृणालिनी लातूरची. लातूरहून मेव्हण्याचा, बालाजीचा फोन आला. "भावजी, पोराला अकरावीला इकडं पाठवा. इथले क्लासवाले मान वर करू देत नाहीत." एवढ्या उंच मुलासाठी ही सोय गायधनींना फार पसंत पडली. तसंही त्यांच्या ओळखीच्या घरांमधून मुलाला अकरावीला 'इंडियाला ठेवणं' हा एक संस्कारच होता. मुंज राहिली तर राहू दे, पण लातूर नाहीतर कोटा राहता कामा नये.

कैवल्य दोन वर्षं लातूरला मामाकडे राहिला. सकाळी क्लास, मग ज्युनिअर कॉलेजात नावापुरती हजेरी, पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट. मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. त्या दोन वर्षांत त्याचा हात चेंडूला लागला नाही. मार्क आले ते नातेवाइकांना 'छान आले' एवढंच सांगता येण्याजोगे. शिकून काही आला असेल तर मामाची भाषा. पूर्वी आईबापांच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारा हा मुलगा "काय करायलास?" म्हणत परत आला, आणि दोह्याच्या मराठी मंडळातल्या पुण्याच्या बायका त्याला मुद्दाम बोलतं करून हसू लागल्या.

पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश झाला. कॉलेजच्या टीममध्येही घेतलं. घेतलं ते उंची बघून, आणि खेळ बघून बाकावर बसवलं. तिथे बसायची सवय त्याला लातुरात झालेलीच होती. पुढे चार वर्षं त्याने टीमची पाण्याची बाटली, टीमच्या बॅगा आणि टीमच्या फोटोतली मागची रांग सांभाळली. पीटीचे सर त्याला 'दुबई' म्हणत. "सर, दोहा," असं त्याने पहिल्या वर्षी दोनदा सांगून बघितलं, मग नाद सोडला.

इंजिनिअर होऊन तो परतला. गायधनींनी ओळखीने एका एसीच्या कंत्राटदाराकडे चिकटवून दिला आणि विषय संपला, असं समजून ते भाजी आणायला गेले.

विषय संपला नव्हता. मदिनत खलीफाच्या एका मोकळ्या कोर्टवर संध्याकाळी फिलिपिनो मंडळी खेळायची. सगळे त्याच्या खांद्याला लागणारे, आणि सगळे त्याच्या दुप्पट वेगाचे. सुरुवातीला काही महिने त्यांनी त्याला यथेच्छ हरवलं. "तू उंच आहेस," त्यांच्यातला एक न्हावी त्याला म्हणाला, "बरं. पुढे?" असं आजवर त्याला कोणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांना उंचीवरच भागत होतं.

मग तो पुढचं शिकला. डावा हात शिकला. पाय शिकला. चेंडू हातात धरवत नाही अशा उन्हाळ्यातसुद्धा कोर्टवर जाऊन शिकला. दुसऱ्या वर्षी त्या मंडळींच्या शुक्रवारच्या लीगमध्ये, पाठीवर एका बेकरीची जाहिरात असलेला टी-शर्ट घालून, तो सगळ्यांत जास्त गुण करू लागला.

"बाबा, शुक्रवारी फायनल खेळायलोय. येता का?" त्याने एकदा विचारलं.

"शुक्रवारी गाडी धुवायची असते," गायधनी म्हणाले.

ती फायनल जियादने बघितली. जियाद एका क्लबचा मॅनेजर. आधी बापाशी बोलायचं, अशी त्याची रीत. म्हणून फोन गायधनींना आला.

"हबीबी, तुमचा मुलगा हिरा आहे."

"कोणता मुलगा?" गायधनींनी विचारलं.

"तुम्हाला किती आहेत?"

"एक."

"तोच."

भानगड अशी होती, की क्लबला परदेशी खेळाडू दोनच घेता येत, आणि त्या जागा अमेरिकेच्या दोन धिप्पाड माणसांनी भरलेल्या होत्या. पण आणखी एक जागा होती. परदेशी असला तरी इथेच जन्मलेला आणि सगळी शाळा इथेच शिकलेला खेळाडू त्या जागेवर घेता येई. जियादला असा माणूस वर्षभर सापडत नव्हता. कैवल्यला सरावाला बोलावलं. महिनाभर सराव झाला. सर्बियन कोचने त्याला आडवा-उभा पिळून बघितला आणि शेवटी म्हणाला, "चालेल. पण उशीर केला. याच वर्षी घेतला तर घेतला. पुढच्या वर्षी मी बघणारसुद्धा नाही. हा इतके दिवस होता कुठे?"

"बेंचवर," कैवल्य म्हणाला. कोचला तो विनोद वाटला.

गायधनींच्या घरात क्रांती झाली. बापाच्या फोनवर सर्बियातल्या बास्केटबॉलचे व्हिडिओ दिसू लागले. जेवताना ते 'पिक अँड रोल' हा शब्द वापरू लागले, आणि मृणालिनीबाईंना तो खाण्याचा पदार्थ वाटला यावर तुच्छतेने हसू लागले. करार बुधवारी व्हायचा होता. त्याच्या आधीच्या शनिवारी त्यांनी 'आपुलकी मराठी परिवार, दोहा' या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, कतारमधील पहिला मराठी व्यावसायिक बास्केटबॉलपटू आमचे चिरंजीव.' खाली एकशे चार अंगठे आले. मंडळाच्या सेक्रेटरी नमिता वैशंपायन यांनी लगेच शुक्रवारी सत्कार ठेवला.

"बाबा, अजून सही नाही झालेली," कैवल्य म्हणाला.

"तू खेळाचं बघ," गायधनी म्हणाले. "बाकीचं माझ्यावर सोड."

बुधवारी दोघे क्लबच्या ऑफिसात गेले. बापाने दोन मुलाखतींना घातलेला आणि दोन्ही ठिकाणी यशस्वी ठरलेला कोट घातला होता. टेबलावर खजूर होते, गहवा म्हणजे अरबी कॉफी होती, कराराचे कागद होते. लीगतर्फे नोंदणीसाठी मुनीरा नावाच्या बाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. जियाद घाईत होता. त्याला एकच गोष्ट उरकायची होती.

"जन्म दोहा," तो मुनीराबाईंना सांगत म्हणाला. "शाळा दोहा. पहिलीपासून बारावीपर्यंत सगळी इथे. बरोबर ना, कैवल्य?"

"येस," कैवल्य म्हणाला.

"खलास." जियादने पेन पुढे केलं.

"एक मिनिट," गायधनी म्हणाले.

पोराने मान वळवून बापाकडे बघितलं. "बाबा."

"अरे, असू दे, सांगू दे त्यांना." गायधनींनी खजुराची बी बशीत ठेवली आणि इंग्रजीत सुरुवात केली. "सगळी नाही. अकरावी-बारावी लातूर. लातूर पॅटर्न! आमच्या महाराष्ट्रात फार फेमस आहे. डॉक्टर घ्या, इंजिनिअर घ्या, सगळे तिथलेच."

जियादच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "हे लातूर... दोह्यातलं कोचिंग आहे का?"

"नो, नो! लातूर इज इन इंडिया."

"म्हणजे सुट्टीत," जियाद हळूच म्हणाला. मुनीराबाईंकडे न बघता तो गायधनींकडे फार आशेने बघत होता. "समर कॅम्प. हो ना? यल्ला, समर कॅम्प."

"बाबा, हो म्हणा," कैवल्य मराठीत म्हणाला.

पण गायधनी दुखावले होते. त्यांच्या भाच्याने ज्या बॅचसाठी तीनदा परीक्षा दिली आणि तरी ज्या बॅचमध्ये तो बसला नाही, त्या बॅचला हा माणूस समर कॅम्प म्हणत होता. "कॅम्प कसला? पहिली बॅच! एंट्रन्स देऊन घेतात. पूर्ण दोन वर्षं. इकडचा व्हिसा जाऊ नये म्हणून दोन दिवस येऊन जायचा तेवढंच. दिवाळीलासुद्धा आम्ही त्याला बोलावलं नाही. अशी शिस्त!"

मुनीराबाईंनी जियादला अरबीत काहीतरी विचारलं. जियादने खाली बघत उत्तर दिलं. मग त्यांनी लॅपटॉप मिटला, आवाज होऊ न देता, आजारी माणसाच्या खोलीचं दार लावावं तसा. गायधनींना म्हणाल्या, "तुमचा मुलगा फार छान खेळतो. मी बघितलंय."

नियम जियादने त्यांना मग समजावून सांगितला. दोनदा सांगावा लागला. दुसऱ्यांदा सांगताना तो त्यांना हबीबी म्हणाला नाही.

दोघे गाडीने घरी निघाले. सिग्नलला थांबल्यावर गायधनी म्हणाले, "आपण खोटं नाही बोललो. ते महत्त्वाचं."

"मी बोललो होतो," कैवल्य म्हणाला. "जमलं होतं."

घरी मृणालिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला. "अहो, पण तिथे लातूर कशाला काढलंत?"

"पुढेमागे कळलंच असतं."

"मग पुढेमागे कळलं असतं. एक सीझन तरी खेळला असता पोरगा."

"लातूर तुझ्या भावाची कल्पना!"

"बालाजी फोनवर बोलला फक्त. तिकीट तुम्ही काढलंत. आणि बॅगेत ठेवलेला बॉल विमानतळावर तुम्हीच बाहेर काढलात, वजन होतं म्हणून. पोरगं सोळा वर्षांचं होतं. रडलं होतं. आठवतंय का?"

गायधनींना वजन जास्त झाल्याचं आठवत होतं.

कैवल्य आपल्या खोलीत गेला. तो आदळआपट करील, निदान दार तरी आपटील, म्हणून दोघं वाट बघत राहिली. थोड्या वेळाने तो कामाचे बूट घेऊन बाहेर आला आणि पॉलिश करायला बसला. उद्या एसीवाल्याकडे जायचं होतं. बरं झालं राजीनामा दिला नव्हता, असं गायधनी म्हणणार होते. मृणालिनीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाणी प्यायला उठले.

सत्कार रद्द करावा म्हणून त्यांनी नमिताबाईंना फोन केला.

"अगंबाई," नमिताबाई म्हणाल्या. "वाईट झालं हो, विजयदादा. पण हॉल बुक झालाय. शाल आलीय. दीडशे वडे सांगितलेत. विषय बदलूया, माणूस नको बदलायला. 'क्रीडा क्षेत्रातील उल्लेखनीय प्रयत्न' असं करते. चालेल?"

शुक्रवारी संध्याकाळी कैवल्य गेला. जायलाच पाहिजे असं कोणी म्हणालं नव्हतं, आणि नको जाऊस असंही कोणी म्हणालं नव्हतं. अध्यक्षांचा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचेना, तेव्हा त्याने मान खाली घातली. शाल त्याच्या पाठीवर एखाद्या नॅपकिनसारखी दिसत होती. नारळ दिला. फोटो झाला, मागचे दिसत नाहीत म्हणून फोटोग्राफरने त्याला कडेला सरकवलं.

"दोन शब्द बोल रे," अध्यक्ष म्हणाले.

"मी बास्केटबॉल खेळायलो होतो," कैवल्य माईकवर म्हणाला. "आता एसीचं काम बघायलोय. धन्यवाद."

त्या भाषेला सभागृहात नेहमीप्रमाणे हशा आला, मग टाळ्या. पुढच्या रांगेत मृणालिनीबाई टाळ्या वाजवत नव्हत्या.

वड्यांच्या टेबलापाशी नमिताबाईंनी गायधनींना गाठलं. त्यांचा शौनक नववीत होता आणि शाळेकडून पोहायला जायचा. नुकतंच त्याला कुठलंतरी पदक मिळालं होतं.

"विजयदादा, तुम्हाला विचारायचंच होतं. ते लातूरचं कसं असतं हो? शौनकला अकरावीला पाठवायचं म्हणतोय आम्ही. इथे ठेवला तर सगळा वेळ पाण्यातच जाईल."

गायधनींनी स्टेजकडे बघितलं. कार्यक्रम संपला होता, आणि ज्या बॅनरवर त्याचं नाव होतं तो बॅनर कैवल्य काढत होता. शिडी आणली नव्हती. त्याचाच हात पोचत होता.

"क्लास उत्तम आहे," गायधनी म्हणाले. "शिस्त आहे. बालाजीचा नंबर देतो तुम्हाला."

"कैवल्यला फायदा झाला ना पण?"

"झाला की. इंजिनिअर झाला."

झाला होता. पुण्यातल्या कॉलेजात कैवल्यला प्रवेश मिळाला तो एनआरआय कोट्यातून, आणि त्या कोट्यात एंट्रन्सचे मार्क कोणी बघत नव्हतं.